ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये माल फिरवून जीपी कसे करायचे

माझा मावसभाऊ अकरावीत आहे, डिसेंबरात घरच्या लग्नाला सोलापुरात आला तेव्हा दिवसभर मोबाईलवर ओल्ड स्कूल रूनस्केप आणि तोंडात एकच, दादा जीपीच पुरत नाहीत बे. जीपी म्हणजे गेममधले पैसे. झाडं तोडायचा, लाकडं विकायचा, परत झाडं तोडायचा. मी म्हटलं चल, आणि सकाळी त्याला मामांच्या गाळ्यावर मार्केट यार्डात घेऊन गेलो. त्या दिवसांत आपल्याकडे कांद्याची आवक जोरात असते, शेकडो गाड्या, पाय ठेवायला जागा नाही, ढिगाभोवती व्यापारी उभे आणि लिलाव चालू. मामांनी त्याला एका शेतकऱ्याची पट्टी दाखवली, वर मालाची एकूण रक्कम, खाली हमाली वजा, तोलाई वजा, आणि शेवटी हातात पडणारा आकडा. "वरचा आकडा बघून खूश व्हायचं नाही लेकरा, खालचा वाचायचा," एवढंच बोलले आणि पुढच्या ढिगाकडे गेले. गेममधल्या बाजारात, म्हणजे ग्रँड एक्सचेंजवर, नवीन पोरं बरोबर याच जागी मार खातात, वरचा आकडा वाचतात. म्हणून मी भावाला जे शिकवलं ते इथं सविस्तर लिहितोय, कारण मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला तरी सापडलं नाही.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रूनस्केप हा जागेक्स या केंब्रिजच्या कंपनीचा २००१ चा गेम, आणि ओल्ड स्कूल म्हणजे त्याचंच ऑगस्ट २००७ चं जुनं रूप जे फेब्रुवारी २०१३ मध्ये परत चालू केलं, मोबाईलवर ते २०१८ ला आलं. यातला बाजार म्हणजे ग्रँड एक्सचेंज, वॅरॉक शहराच्या वायव्येला, आणि लोक त्याला जीई म्हणतात. ओल्ड स्कूलमध्ये ते आधी नव्हतं, २०१५ ला आलं, त्याआधी लोक बँकेबाहेर उभं राहून माल काय आणि भाव काय ते टाइप करत बसायचे. आता तुम्ही ऑफर टाकता, गेम बंद करून कॉलेजला जाता, आणि तुमचा माल तुमच्यामागं विकला जातो. स्वस्तात घ्यायचा आणि तोच माल थोडा महाग विकायचा याला फ्लिपिंग म्हणतात.

आकड्यांचं आधीच सांगतो कारण भाऊ तिथंच गोंधळला होता. गेममध्ये के आणि एम चालतं. १०० के म्हणजे आपले १ लाख, १ एम म्हणजे १० लाख, १० एम म्हणजे १ कोटी. मी इथं लाखातच बोलणार.

फुकटच्या अकाउंटला जीईवर ३ खाने मिळतात, मेंबरशिप असेल तर ८. एका खान्यात एकच ऑफर. म्हणजे फुकट खेळणाऱ्यासाठी पैशाइतकाच खानासुद्धा महाग आहे, तो अडकवून ठेवणारा माल घेऊच नका. आणि अगदी नवीन फुकट अकाउंटवर काही वस्तूंच्या व्यवहाराला बंधनं असतात, २० तास खेळणं, मोहिमांचे १० क्वेस्ट पॉइंट आणि एकूण लेव्हल १०० झाली की ती निघतात, तेवढं आधी करून घ्या, त्या निमित्तानं हातात भांडवलही येतं. भांडवल म्हणाल तर १ लाख पुरे आहेत, त्याच्या आत फ्लिपिंग करण्यापेक्षा खरंच झाडं तोडा.

आता ऑफर जुळते कशी ते नीट समजून घ्या. समजा कुणीतरी तलवार ९० ला विकायला ठेवलीय आणि तुम्ही १०० ला घ्यायची ऑफर टाकली, तर तुम्हाला ती ९० लाच मिळते, वरचे १० परत येतात. उलटं पण तसंच, कुणाची १०० ची खरेदीची ऑफर आधीपासून पडलेली असेल आणि तुम्ही ९० ला विकायला काढलं तर तुम्हाला १०० मिळतात. म्हणजे ज्याची ऑफर आधी पडलीय त्याचा भाव लागतो. यातूनच सगळा धंदा निघतो, कारण घाईतला माणूस पलीकडच्याच्या भावाला येतो आणि थांबणाऱ्याला आपला भाव मिळतो. कुणाला बॉस मारायला निघायचंय, दोस्त ताटकळलेत, त्याला खायला शार्क आत्ता पाहिजेत, तो चार पैसे जास्त देतो. कुणाचा लाकडांचा ढीग झालाय आणि त्याला आजच नवीन चिलखत घ्यायचंय, तो चार पैसे कमी घेतो. तुम्ही या दोघांच्या मधे माल धरून बसता. त्या दोघांमधला फरक म्हणजे मार्जिन.

आणि इथं येते पट्टी.

जीईवर विकणाऱ्याकडून टॅक्स कापतात. डिसेंबर २०२१ ला हा टॅक्स आला तेव्हा १ टक्का होता, मे २०२५ पासून २ टक्के झाला. खूप जुने व्हिडिओ बघून शिकणारे अजून १ टक्क्याचा हिशोब करतात आणि मग नफा कुठं गेला म्हणून शोधत बसतात. १,००० ला घेतलं आणि १,०३० ला विकलं तर वाटतं ३० सुटले, पण २० टॅक्समध्ये गेले, हातात १०. आणि १,०२० ला विकलं असतं तर बरोबर शून्य, ४ तास खाना अडकवून शून्य. म्हणून सूत्र एकच पाठ करा, विक्रीचा भाव गुणिले ०.९८ वजा खरेदी. हे शून्याच्या वर आलं नाही तर तो माल बघायचाच नाही. महागड्या वस्तूंवर एका नगाला जास्तीत जास्त ५० लाख टॅक्स अशी मर्यादा आहे पण तिथं पोचायला आपल्याला वेळ आहे.

टॅक्समधली एक गंमत मला फार उशिरा कळली आणि बारीक मालात ती खूप उपयोगी पडते. टॅक्स नगामागं काढतात आणि अपूर्णांक सोडून देतात. त्यामुळं ४९ किंवा त्याच्या खालच्या मालाला टॅक्स शून्य. ४९ ला विकलं तर ४९ मिळतात आणि ५० ला विकलं तरी १ कापून ४९ च मिळतात. तसंच ९९ ला विकलं तर ९८, १०० ला विकलं तरी ९८. १४९ ला १४७, १५० ला पण १४७. म्हणजे पन्नासच्या पटीत भाव लावायचाच नाही, एक कमी लावायचा, तुमच्या हातात तेवढेच येतात आणि तुमचा माल शेजाऱ्याच्या आधी उचलला जातो. मावसभावाला हे सांगितल्यावर त्यानं १५० ची पडून राहिलेली ऑफर काढून १४९ ला टाकली.

दुसरं बंधन म्हणजे खरेदीची मर्यादा. प्रत्येक वस्तूची ४ तासांत किती घ्यायची ते ठरलेलं असतं आणि ते ४ तास तुमच्या पहिल्या नगाच्या खरेदीपासून मोजतात. रून प्लेटबॉडी हे चिलखत ४ तासांत ७० च घेता येतात, दुसरीकडं खाणं, जादूला लागणाऱ्या रून, दगड-लाकूड असल्या खपाच्या मालाला मर्यादा हजारांत असते. पहिल्या दहा मिनिटांत तुमची मर्यादा भरली तर पुढचे पावणेचार तास त्या वस्तूसाठी तुम्ही बाजाराबाहेर, म्हणून एकच वस्तू धरून बसू नका, चारपाच ओळखीच्या वस्तू ठेवा आणि आलटून पालटून घ्या.

आता माल कुठला घ्यायचा, यावरच सगळं ठरतं म्हणून इथं जरा थांबून वाचा. नवीन माणसाचं लक्ष मोठ्या मार्जिनकडे जातं. समजा एक वस्तू आहे ४०,००० ची आणि टॅक्स जाऊन नगामागं ४०० सुटतात. दुसरी आहे १०० ची, ती १०४ ला विकून टॅक्स जाऊन २ सुटतात. ४०० कुठं आणि २ कुठं. पण तुमच्याकडं १ लाख आहेत. पहिल्या वस्तूचे २ नग येतात, नफा ८००, आणि उरलेले २०,००० नुसते पडून. दुसरीचे १,००० नग येतात, नफा २,०००. शिवाय बारीक माल दिवसातून तीनतीन वेळा फिरतो आणि महागडा माल विकायला कधी कधी दोन दिवस जातात. आपल्या चाटी गल्लीतले कापडवाले काय म्हणतात, पैसा फिरला पाहिजे. ज्याचं भांडवल थोडं त्यानं पैसा फिरवायचा, ज्याच्याकडं कोटी आहेत त्याला ४ तासांची मर्यादा आडवी येते म्हणून तो महागड्या मालाकडं जातो. तुमचं भांडवल वाढेल तसं तुम्हीही जाल पण सुरुवात खाली करा.

खाली म्हणजे जो माल वापरून संपतो तो. खाल्लेला शार्क संपतो, जादूत वापरलेली रून संपते, तोफगोळा संपतो, प्यायलेली पोशन म्हणजे औषधाची बाटली संपते, त्यामुळं उद्या परत गिऱ्हाईक येणारच. फुकट अकाउंटवर असाल तर लॉबस्टर, स्वोर्डफिश, नेचर रून, कोळसा, लोखंडाचा ओअर म्हणजे कच्चं खनिज, यू लाकूड असल्यापासून चालू करा. याउलट तलवारी-चिलखतं माणूस एकदा घेतो आणि वर्षभर वापरतो, त्यांची मागणी लहरीवर चालते. सोलापुरी चादरीचं पण असंच असतं ना, एक चादर घेतली की घरात ती वर्षानुवर्षं चालते, पण शेंगाचटणीचं पाकीट पंधरा दिवसांत संपतं आणि माणूस परत दुकानात. दोन्ही धंदे चांगलेच, पण थोड्या पैशात चटणीचं दुकान आधी उभं राहतं.

भाव बघायचा कसा. जीईवर वस्तू निवडली की जो गाइड प्राइस दिसतो त्यावर अजिबात विसंबू नका, तो मागून हळूहळू बदलतो, बाजार केव्हाच पुढं गेलेला असतो. ओल्ड स्कूल रूनस्केपच्या विकीवर रिअल टाइम भावांचं पान आहे, फुकट आहे, तिथं प्रत्येक वस्तूचा शेवटचा घाईचा खरेदीभाव आणि घाईचा विक्रीभाव वेगवेगळा दिसतो, आणि दिवसाला किती नग फिरले तेपण. तीन गोष्टी बघा. दोन भावांतला फरक टॅक्स काढून उरतो का, दिवसाचा खप तुम्ही घेणार त्याच्या कितीतरी पट आहे का, आणि शेवटचा सौदा कधी झालाय. शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असेल तर तो भाव शिळा, मार्जिन कितीही गोड दिसू दे, सोडून द्या.

त्यानंतर स्वतः खात्री करा, याला मार्जिन चेक म्हणतात. एकच नग चढ्या भावानं विकत घ्या, भाव वाढवायचं ५ टक्क्यांचं बटण दोनतीनदा दाबा, तो लगेच येईल आणि नेमका कितीला आला ते दिसेल, तो झाला वरचा भाव. मग तोच नग पाडून विका, लगेच जाईल, कितीला गेला तो खालचा भाव. यात एका नगाचं थोडं नुकसान होतं, ते मापाचा खर्च समजायचं. आता खालच्या भावापेक्षा १ जास्तनं खरेदीची ऑफर टाका आणि माल आला की वरच्या भावापेक्षा १ कमीनं विकायला काढा. ४०,००० च्या मालात १ नाही, ५०-१०० चा फरक ठेवा, तिथं १ जीपीसाठी भांडणारे खूप असतात.

ऑफर टाकून वाट बघायची, आणि हे पोरांना जमत नाही. पाच मिनिटांत माल आला नाही की भाव वाढवतात, परत वाढवतात, आणि असं करत करत वरच्या भावाला पोचतात, म्हणजे ज्या घाईतल्या माणसाकडून कमवायचं होतं तो माणूस आपणच झालो. माझा स्वतःचा नियम असा की बारीक खपाच्या मालात अर्धा तास काहीच हललं नाही तरच परत मार्जिन चेक करायचं, आणि नवीन हिशोबात नफा बसत असेल तरच भाव बदलायचा, नाहीतर ऑफर काढून दुसऱ्या मालाकडं जायचं.

माझं एकदा मोठं नुकसान झालं तेपण सांगतो. मी तेव्हा पाचसहा महिने नियमानं खेळत होतो आणि ८० लाखांपर्यंत आलो होतो, ओळखीतल्या एकानं सांगितलं की अमुक वस्तू पुढच्या अपडेटमध्ये लागणार, आत्ता भर, दुप्पट होणार. मी सगळं भांडवल एकाच वस्तूत घातलं. अपडेट आलं, त्या वस्तूचं नावसुद्धा नव्हतं, आणि ज्यांनी ज्यांनी साठवली होती ते सगळे एकदम विकायला निघाले. एका दिवसात भाव पडायला लागला आणि मी आज चढेल, उद्या चढेल करत आठवडाभर धरून बसलो, शेवटी ३० लाख गमावून बाहेर पडलो. तेव्हापासून एका वस्तूत भांडवलाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर घालत नाही. आणि दुसरं म्हणजे, वापरून संपणारा माल पडला तर एकदोन दिवस धरतो कारण त्याला गिऱ्हाईक परत येतं, पण बातमीमुळं पडलेला माल त्याच तासाला तोट्यात विकतो. आवक वाढली की कांदा पडतो तसंच हे, उद्या अजून गाड्या येणार हे दिसत असताना आजचा भाव धरून बसून उपयोग नसतो.

ओल्ड स्कूलचे अपडेट बहुतेक बुधवारी येतात, आणि काय येणार ते कंपनी आधी जाहीर करते, ती अधिकृत बातमी स्वतः वाचा. मंगळवारी रात्री मी मोठ्या चिलखत-हत्यारांतून पैसे काढून ठेवतो आणि बुधवार संपेपर्यंत फक्त खाण्यापिण्याच्या मालात राहतो.

वेळेचं गणित आपल्यासाठी वेगळं आहे, कारण या गेमची खरी गर्दी युरोप-अमेरिकेची. इंग्लंडमधली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं रात्रीचे साडेदहा-अकरा, तेव्हाच अमेरिकेत दुपार, त्यामुळं रात्री बाजार तेजीत. आपली सकाळ म्हणजे तिकडं पहाट किंवा रात्र, माल हळू हलतो. मी रात्री जेवण झाल्यावर खरेदीच्या ऑफर टाकून झोपतो, गर्दीच्या वेळात त्या भरतात, सकाळी उठून माल उचलून विक्रीला लावतो आणि कामाला जातो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर निघायची सोय नसते तेव्हा घरात बसून दर ४ तासांनी बघणं होतं, बाकी वर्षभर दिवसातून दोनदा बघितलं तरी पुरतं. माल आणि पैसे कुठल्याही बँकेतून उचलता येतात, त्यासाठी परत वॅरॉकला पळायची गरज नाही.

थोडं पुढं गेलात की अजून दोनतीन वाटा आहेत. एक हाय अल्केमी नावाची जादू. मॅजिकची लेव्हल ५५ झाली की एक नेचर रून आणि पाच फायर रून वापरून वस्तूचे ठरलेले जीपी करता येतात, हातात फायरचा स्टाफ असेल तर फायर रून लागतच नाही. रून प्लेटबॉडीचे ३९,००० मिळतात, कायम, आणि हा सौदा जीईवर होत नाही म्हणून त्यावर टॅक्स नाही. म्हणजे नेचर रून १०० ला असेल तर ३८,९०० च्या खाली मिळालेली प्रत्येक प्लेटबॉडी नफ्यात, वर एकेका वेळेला ६५ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण. आणि यामुळंच असल्या मालाचा भाव त्या आकड्याच्या फार खाली जात नाही, कुणीतरी अल्क करायला उचलतोच, एक प्रकारचा हमीभाव म्हणा. शेतकऱ्याला मिळत नाही तो इथं चिलखताला मिळतो, मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

दुसरी वाट पोशनची, ही मेंबर लोकांसाठी. जीईवरच बॉब बार्टर नावाचा माणूस उभा असतो, तो ३ डोसच्या बाटल्या फुकटात ४ डोसच्या करून देतो. लोकांना ४ डोसची बाटली आवडते कारण बॅगेत जागा कमी लागते, म्हणून ३ डोसवाली डोसामागं बऱ्याचदा स्वस्त असते. हिशोब बाटलीवर नाही, डोसावर करायचा. ३ डोसच्या ४ बाटल्या घेतल्या की ४ डोसच्या ३ होतात, तर ४ बाटल्यांची खरेदी आणि ३ बाटल्यांची विक्री गुणिले ०.९८, यात काय उरतं ते बघा. चिलखतांच्या सेटचं पण असंच, सुटे भाग देऊन जीईचा कारकून फुकटात सेट बांधून देतो आणि सेट देऊन सुटे भाग परत देतो, ज्या बाजूला स्वस्त पडेल तिकडून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूला विकायचं. यात सगळे सुटे भाग जमवायला वेळ लागतो आणि एक भाग मिळाला नाही की बाकीचे अडकतात, म्हणून मी फक्त खपाचे सेट करतो.

फसवणुकीचं कळकळीनं सांगतो कारण भावाच्या वर्गातल्या एका पोराचं सगळं गेलं. कुणी म्हणेल मला १ लाख दे, २ लाख परत देतो, पहिल्यांदा देतो पण, दुसऱ्यांदा मोठी रक्कम घेऊन गायब. कुणी वाइल्डरनेस नावाच्या भागात बोलवेल, जाऊ नका, तिथं मारून माल काढून घेतात. आणि खऱ्या रुपयांनी जीपी विकत घेणं किंवा विकणं गेमच्या नियमात बसत नाही, अकाउंट बॅन होतं, वर्षाची मेहनत जाते. जीपीचा सरळ उपयोग करायचा असेल तर बाँड आहे. बाँड जीईवर जीपी देऊन घेता येतो आणि त्यातून १४ दिवसांची मेंबरशिप मिळते, म्हणजे घरच्यांकडं पैसे मागायला नको. एक लक्षात ठेवा, जीईवरून घेतलेला बाँड तसाच परत विकता येत नाही, विकण्यालायक करायला गाइड प्राइसच्या १० टक्के भरावे लागतात, त्यामुळं बाँडचं फ्लिपिंग करायच्या नादाला लागू नका, वापरायचा असेल तेव्हाच घ्या.

शेवटचं म्हणजे वही ठेवा. वस्तू, नग, खरेदी, विक्री, टॅक्स, हातात काय, एवढे सहा रकाने. मावसभावाला मामांनी यार्डातली एक कोरी वही दिली, लग्न आटोपून गावाकडं जायच्या आदल्या रात्री त्यानं पहिलं पान भरलं, स्वोर्डफिश, ३०० नग, आणि सहाव्या रकान्यात ९००.